स्पंजाची पारख

अकरावीच्या पुस्तकात अंघोळीच्या स्पंजाचं नाव ‘युस्पाँजिया’ असं छापलेलं असतं. जाणकारांनी ते केव्हाच मोडीत काढलं. लिनियसने १७५९ साली ठेवलेलं ‘स्पाँजिया ऑफिसिनॅलिस’ हेच ग्राह्य धरलं जातं. मी प्राणिशास्त्राचा मास्तर. पण अंघोळीच्या स्पंजांचं कुल शिकवताना मी नावांपासून नाही, बाजारापासून सुरुवात करतो.

अ‍ॅरिस्टॉटलने स्पंजाचे तीन प्रकार सांगितले: विरळ, दाट आणि तिसरा बारीक पण चिवट. हा तिसरा योद्धे शिरस्त्राणाखाली घालत, घावाचा आवाज कमी व्हावा म्हणून. म्हणजे पहिली विभागणी झाली ती उपयोगावरून.

पुढे कालिम्नोस, सिमी या ग्रीक बेटांवरचे पाणबुडे हातात जड सपाट दगड धरून तळ गाठत आणि स्पंज कापून आणत. वर आलेला जिवंत स्पंज काळा, बुळबुळीत असतो. तो तुडवायचा, कुजू द्यायचा, धुवायचा. मग उरतो तंतूंचा पिवळसर सांगाडा. तो दाबून व्यापारी ‘फिना’, ‘चिमुखा’, ‘कापादिको’ अशी प्रतवारी लावत. १८६० च्या दशकात हवा पुरवणारा पोशाख आला, पाणबुडे अधिक खोल गेले आणि कित्येक जण लुळे होऊन परतले.

प्राणिशास्त्रज्ञ ऑस्कर श्मिट यांनी १८६२ साली एड्रियाटिकच्या स्पंजांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी चिमुखाला ‘स्पाँजिया झिमोक्का’ म्हणून शास्त्रात जागा दिली. बाजारातली प्रत अशी जाती झाली.

याला कारण आहे. बहुतेक स्पंज ओळखतात ते त्यांच्या अंगातल्या काचेच्या किंवा चुन्याच्या सूक्ष्म काट्यांवरून. अंघोळीच्या स्पंजांच्या स्पाँजिडी कुलात ते काटेच नाहीत. आहेत नुसते स्पाँजिन या प्रथिनाचे तंतू. बाहेरचा आकार प्रवाहाप्रमाणे बदलतो, त्याचा भरवसा नाही. मग पाहायचं ते तंतूंचं विणकाम. जाड तंतूंत वाळूचे कण अडकलेले आहेत का? बारीक तंतू किती दाट? ‘कापादिको’, म्हणजे हिप्पोस्पाँजिया, आतून पोकळ्यांनी भरलेला असतो. व्यापाऱ्याच्या बोटांना कळायचा तो फरक नेमका हाच.

१९०५ पासून ग्रीक पाणबुडे फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्जला जाऊ लागले. तिथे ‘लोकरी’, ‘पिवळा’, ‘गवती’ असे ढीग लागत. अमेरिकी बाजारातल्या या स्पंजांच्या जाती द लोबेनफेल्स आणि स्टोर या अभ्यासकांनी तपासून मांडल्या १९५८ साली. तोवर अर्धशतक तो बाजार आपल्याच नावांवर बिनचूक चालला होता.