वाढप्याच्या हातातली सुरी

महागड्या रेस्टॉरंटात सूप संपलं की प्लेट उचलली जाते, टेबलक्लॉथवरचा पावाचा चुरा टिपला जातो आणि मगच पुढचा पदार्थ येतो. ही रीत युरोपात फार पुरातन असावी असं वाटतं. प्रत्यक्षात पश्चिम युरोपात ती रुजून दोनशे वर्षंही झालेली नाहीत, आणि खुद्द फ्रेंच लोक तिला ‘रशियन पद्धत’ म्हणतात.

त्याआधी फ्रान्समधल्या बड्या घरी पाहुणे बसण्यापूर्वीच टेबल भरलेलं असे. सूप, मासे, मांसाचे नाना प्रकार, सगळं एकदम आणि समोरासमोर जोडीनं मांडलेलं. ते आटोपलं की दुसरी मांडणी भाजलेल्या मांसाची, मग गोडाची. पाहुण्यानं हाताला येईल ते घ्यायचं, नाहीतर शेजाऱ्याकडे मागायचं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा पदार्थ डोळ्यांना दिसे, पण ताटात येईलच याची खात्री नसे. आलाच तर बहुधा गार झालेला.

१८१०च्या सुमारास रशियाचे पॅरिसमधले राजदूत प्रिन्स अलेक्सांद्र कुराकिन यांनी आपल्याकडची रीत तिथल्या मेजवान्यांत आणली, असं परंपरेनं मानलं जातं. मांस बाजूला कापायचं आणि एकेक पदार्थ गरम असतानाच प्रत्येकापर्यंत न्यायचा. फ्रेंचांना हे लगेच रुचलं नाही. थोर आचारी आंतोनँ कारेम यानं अन्न गरम मिळतं हे मान्य केलं, पण भरल्या टेबलाचं वैभव त्याला सोडवेना. पुढे रशियन सरदाराकडे नोकरी केलेला उर्बँ द्युबुआ यानं एमिल बेर्नारबरोबर १८५६ साली ‘ला क्विझीन क्लासिक’ हा ग्रंथ लिहिला, आणि नव्या पद्धतीला शास्त्राचं बळ मिळालं.

मग एकातून एक गोष्टी घडत गेल्या. टेबलाचा मधला भाग मोकळा झाला, तिथे फुलं आली. पुढे काय येणार हे दिसेना, म्हणून प्रत्येकापुढे मेन्यू आला. सगळ्यांत मोठा बदल मात्र माणसांचा. १८६१ साली इंग्लंडच्या मिसेस बीटन यांनी लिहून ठेवलं की ही पद्धत लहान घरांना झेपणारी नाही, कारण कापायला आणि वाढायला नोकर फार लागतात. माझ्या मते आजच्या वेटरच्या कामाचा खरा जन्म इथे आहे. तोवर भांडी ने-आण करणाऱ्याच्या हाती आता सुरी आली, आणि जेवणाची लयही.

आपल्याला यात नवल वाटू नये. पंगतीत मीठ-लिंबू डावीकडे, भाजी उजवीकडे हे वाढप्याला पाठ असतं, आणि कुणाच्या पानावरचा भात संपत आलाय हे त्याला मागण्याआधी दिसतं.

हॉटेलांतल्या ‘सिल्व्हर सर्व्हिस’चं कसब जवळून बघावं असं आहे. डाव्या तळव्यावर घडीचा नॅपकिन, त्यावर तापलेलं तबक. उजव्या हातात चमचा खाली आणि काटा वर, दोन्ही एकाच मुठीत चिमट्यासारखे. पाहुण्याच्या डाव्या बाजूनं वाकायचं, तबक ताटाच्या कडेशी आणायचं आणि माशाचा तुकडा न मोडता, थेंब न सांडता उतरवायचा. हे बोटांत मुरायला पुष्कळ सराव लागतो.

१९६०-७०च्या दशकांत पुन्हा उलटं झालं. फ्रान्समधल्या रोआन गावच्या ज्याँ आणि पिएर त्र्वाग्रो या आचारी भावांनी पदार्थ स्वयंपाकघरातच प्लेटमध्ये मांडून पाठवण्याची चाल रूढ केली. मांडणी शेफच्या ताब्यात गेली, वेटरच्या हातची सुरी सुटली. पदार्थ देखणे झाले, यात शंका नाही. पण टेबलाशी उभं राहून कोंबडी कापणारा, मासा काट्यांतून सोडवून देणारा माणूस मागे पडला, आणि हे नुकसान मला मोठं वाटतं.

लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं १९५४ साली मुंबईत सुरू झालेली केटरिंगची संस्था आज दादरला आहे. अशा संस्थांत सिल्व्हर सर्व्हिस आजही शिकवली जाते. म्हणून एक विनंती: एखाद्या ठिकाणी अख्खा मासा टेबलाशी सोडवून देत असतील, तर तो जरूर मागवा आणि वाढणाऱ्याच्या हातांकडे नीट बघा. त्या हातांना काम मिळालं तरच ही कला टिकेल.