नोंदीबाहेरचा शल्यकार

बेंगळुरूच्या दक्षिणेस, होसूरच्या वाटेजवळ आनेकल हे तालुक्याचे गाव आहे. १७९१ साली तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धाने हा सारा टापू ढवळून काढला. मार्चमध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने बेंगळुरूचा किल्ला घेतला आणि जुलैमध्ये होसूर. या दोहोंच्या दरम्यान श्रीरंगपट्टणावर गेलेली त्याची मोहीम मात्र बैल मेल्यामुळे फसली. जड तोफा आपल्याच हातांनी नष्ट करून त्याला मागे फिरावे लागले. वाटेत त्या उपाशी फौजेला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या तळावरील धान्याने तारले. युद्ध बैलांच्या बळावर चालत होते. बैल हाकणारी माणसे मात्र लष्करी कागदांत क्वचितच नावानिशी आढळतात.

कावसजी हा त्याला अपवाद. इंग्रजी लेखनात त्याचे नाव पारशी भासते; पण नोंद त्याला मराठा शेतकरी म्हणते. इंग्रज फौजेत तो बैल हाकीत असे. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. तशाच स्थितीत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला. वर्षाहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले.

लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ही हकीकत छापली. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील दोन वैद्यांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून माप घेत. तो कपाळावर सपाट पसरून त्याभोवती रेघ आखीत आणि तेवढी कातडी सोडवीत. दोन डोळ्यांमधील अरुंद पट्टी मात्र अखंड ठेवीत, कारण नवे नाक जुळून येईपर्यंत रक्ताचा पुरवठा तिच्यातूनच होई. जखमेवर पाण्यात भिजवलेल्या काताच्या पट्ट्या, चार दिवसांनंतर तुपात भिजवलेले कापड आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी त्या पट्टीचा छेद, असा हा क्रम होता. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी घेण्यास सांगितले आहे. पुण्याकडील प्रघात कपाळाचा होता. पोथीपेक्षा हाताच्या सवयीने जपलेली ही विद्या होती.

ही हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने मृत शरीरांवर प्रयोग केले, १८१४ साली एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि १८१६ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तेथून ही पद्धत युरोपात पसरली.

या प्रकरणात रुग्णाचे नाव टिकले, कारण तो कंपनीचा निवृत्तिवेतनधारक होता. पाहणाऱ्या वैद्यांची नावे टिकली आणि कावसजीचे चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचेही टिकले. ज्याने ते नाक घडविले, त्याची तेवढी जात नोंदली गेली. तो कोणत्याही फौजेच्या पटावर नव्हता. लष्करी वैद्यकाच्या दप्तरात वेतन घेणाऱ्यांची ओळख राहते. कावसजीला माणसांत परत आणणारा त्या दप्तराच्या बाहेर राहिला. त्याची साक्ष कावसजीच्या चेहऱ्याने दिली आणि वेल्सच्या चित्रात ती आजही पाहता येते.