अश्वनगर नॉर्को : परंपरा कीं ठराव ?

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, लॉस एंजेलिसच्या पूर्वेस, रिव्हरसाइड जिल्ह्यांत नॉर्को नांवाचें सुमारें २६ हजार वस्तीचें शहर आहे. तें स्वतःस अश्वनगर म्हणवितें. तेथें बहुतेक रस्त्यांच्या कडेस पदपथ नसून घोड्यांसाठीं मातीच्या वाटा राखिल्या आहेत. त्यांची एकंदर लांबी १०० मैलांहून अधिक भरते. दुकानांपुढें घोडे बांधण्याचे दांडे आहेत. हें सर्व पाहून स्पॅनिश अश्वपालांपासून ही रीत अखंड चालत आली असावी, असें परस्थास सहज वाटतें. कागद तसें सांगत नाहींत.

१८४६ सालीं मेक्सिकन सुभेदार पिओ पिको यानें ही जमीन बेर्नार्दो योर्बा यास इनाम दिली हें खरें. परंतु शहराचें नांव कांहीं त्या काळचें नव्हे. 'नॉर्थ कोरोना' या जमीन-कंपनीच्या दोन शब्दांचीं आरंभींचीं अक्षरें जोडून तें बनविलें आहे. कोरोना म्हणजे मुकुट. शेजारच्या गांवानें तें नांव १८९६ त आपल्या वर्तुळाकार रस्त्यावरून घेतलें. वैयाकरणांस असा समास रुचणार नाहीं, पण त्यास आमचा इलाज नाहीं.

१९२३ च्या मे महिन्यांत रेक्स क्लार्क यानें नॉर्को वसविलें तें लहान शेतकऱ्यांसाठीं. त्यांत कोंबड्यांचा धंदा मुख्य; घोड्याचें नांव गौण. १९२९ त त्यानें उघडलेलें विलासगृह पुढें आरमाराचें रुग्णालय झालें, तो विषय निराळा.

आमच्या मतें अश्वनगराचा खरा मूळ लेख म्हणजे डिसेंबर १९६४ मधील नगरपालिकेची स्थापना. भोंवतालीं दाट वस्तीचीं उपनगरें पसरत असतां ग्रामीण राहणी टिकविणें हा तिचा हेतु. अर्ध्या एकराचे, म्हणजे आपल्या २० गुंठ्यांचे भूखंड राखावयाचे व त्यांत जनावरांस मोकळी जागा ठेवावयाची, या नियमांवर सारें उभें आहे. आपल्याकडे कित्येक गांवीं 'पागा' हें स्थळनाम उरलें व घोडे गेले, कारण स्वारी संपल्यावर त्या जागेस दुसरा धनी मिळाला. नॉर्कोंत जागेचा धनी कोण, हें आधींच लिहून ठेविलें. म्हणून तेथील रीतीस प्राचीन म्हणणाऱ्यांशीं आमचा मतभेद आहे. मात्र ती अर्वाचीन म्हणून खोटी, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. भूखंडाचा मोकळा भाग इमारतींनीं व्यापूं द्यावा कीं नाहीं, हाच तेथील खऱ्या वादाचा मुद्दा आहे. जमिनीचा भाव चढला कीं पहिला घाला त्याच तुकड्यावर पडतो.