मेळघाटातील कुरणे : जंगलात गाव कोणी वसवले?

मेळघाटच्या गाभा क्षेत्रात सागाच्या दाटीतून जाताना जंगल अचानक उघडते आणि समोर गवताचे कुरण येते. तेथे सांबर चरतात, गवे येतात आणि त्यांच्या मागावर वाघही येतो. पाहणाऱ्याला हे निसर्गाचे आदिम रूप वाटते. प्रत्यक्षात यांतील काही कुरणे अगदी अलीकडेपर्यंत नांगरलेली शेते होती. कुंड, बोरी, कोहा ही तेथील गावांची नावे.

सातपुड्याच्या गाविलगड रांगेतला हा मुलूख कोरकूंचा. त्यांची भाषा मुंडा कुळातली, त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची. येथून तापीकडे धावणाऱ्या सिपना नदीचे नावही कोरकू आहे. सिपना म्हणजे साग. पुढचा सारा इतिहास याच झाडाभोवती फिरतो.

१५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांकडून गाविलगड घेतला, हे इतिहासप्रेमींना ठाऊक असतेच. मात्र जंगलाच्या दृष्टीने अधिक निर्णायक वर्ष १८५३ चे. त्या वर्षी निजामाच्या ताब्यातील वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. रेल्वे आणि बांधकामामुळे इमारती लाकडाची मागणी वाढत होती. मेळघाटचे जंगल राखीव झाले आणि कोरकूंच्या फिरत्या शेतीवर बंधने आली.

पण राखीव जंगलाला माणसे लागतात. झाडे तोडणे, जाळरेषा काढणे, रस्ते बांधणे ही कामे करणार कोण? म्हणून वनखात्याने स्वतःच जंगलात ‘वनग्रामे’ वसवली. कसायला जमीन मिळे, बदल्यात खात्याच्या कामावर राबावे लागे. जमिनीची मालकी मात्र खात्याकडेच राही. ज्या वस्त्यांना पुढे जंगलावरचे ओझे ठरवले गेले, त्यांतील कित्येक अशा रीतीने सरकारी गरजेतून उभ्या राहिल्या होत्या. मेळघाटवरील चर्चेत नेमका हाच धागा सुटतो.

१ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातून एकटे मेळघाट होते. १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. गाभ्यातील वृक्षतोड थांबली, तशी त्या मजुरांची गरजही संपली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी कुंड, बोरी, कोहा ही गावे पायथ्याकडे हलवण्यात आली. २००८ पासून स्थलांतरित कुटुंबासाठी दहा लाख रुपयांची योजना आली आणि आणखी गावे उठली.

वन्यजीवांना याचा लाभ झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. रिकाम्या शेतांत गवत वाढले, तृणभक्षी प्राणी वाढले. पण मोकळ्या जागेवर जगणारा एक जीव येथे आधीपासून होता. १८८४ नंतर शास्त्रज्ञांच्या दृष्टीने जवळजवळ नामशेष झालेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि नंतर मेळघाटातही आढळला. त्याला विरळ सागवन आवडते. शिकारीसाठी तो जंगलातल्या मोकळ्या जागाही वापरतो. अशा जागा राखण्यात माणसाच्या नांगराचा वाटा किती, हा प्रश्न म्हणूनच गुंतागुंतीचा आहे.

पायथ्याशी गेलेल्यांचे सारेच सुरळीत झाले नाही. शेतजमीन आणि आरोग्य यांच्या तक्रारी घेऊन काही पुनर्वसित कुटुंबे आपल्या जुन्या गावठाणांवर परतली आणि जानेवारी २०१९ मध्ये तेथे त्यांचा वनकर्मचारी व पोलिसांशी संघर्ष झाला.