धाबे, कौल आणि गच्ची

जुन्या घराला एखादी खोली वाढवावयाची ठरली म्हणजे घरात पहिली चर्चा होते ती खोलीच्या लांबीरुंदीची आणि दुसरी खर्चाची. छपराची पाळी बहुधा शेवटी येते, आणि 'वर गच्ची घालून टाकावी, पुढेमागे मजला चढविता येईल,' एवढ्या एका वाक्यात तिचा निकाल लागतो. जुने घर कौलारू असले तरी नव्या खोलीवर सपाट छतच येते. ही निवड आता इतकी सहज होऊन बसली आहे की, एकेकाळी ती सामान्य गृहस्थाच्या हाती नव्हतीच, हे आपल्या ध्यानातही येत नाही. सपाट छप्पर की उतरते, या प्रश्नाचा महाराष्ट्रातील इतिहास थोडक्यात पाहावा आणि त्यापासून आजच्या गृहस्थाने कोणता बोध घ्यावा हे तपासावे, असा आमचा विचार आहे.

दोन्ही रूपे आपल्याकडे फार जुनी आहेत. भाजे आणि कार्ले येथील लेण्यांत चैत्यगृहाचे छत कमानदार असून त्याला खालून लाकडी फासळ्या लावलेल्या आहेत. कार्ल्याच्या चैत्यातील अशा फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांनंतरही शिल्लक आहेत. डोंगरात खोदलेल्या छताला लाकडाच्या आधाराची काहीच गरज नव्हती. अर्थात, लाकडाने शाकारलेल्या खऱ्या इमारतींची ती नक्कल होय. शेजारच्या विहारांची छते मात्र सपाट आहेत. पुढे कोल्हापूरनजीकच्या ब्रह्मपुरीस व नेवाशास झालेल्या उत्खननांत सातवाहनकालीन थरांतून भाजलेल्या मातीची कौलेही मिळाली. तेव्हा देशावरच्या लोकांना उतरते छप्पर ठाऊकच नव्हते, असे कोणास म्हणता येणार नाही.

मग घाटाच्या एका अंगास कौले व गवत आणि दुसऱ्या अंगास मातीची धाबी, अशी वाटणी का झाली? पहिले कारण अर्थातच पाऊस. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस फलटण-माणच्या बाजूला तो ५०० च्या आसपास येऊन थांबतो. एका जिल्ह्यात दहापटीहून अधिक अंतर! जेथे पाणी कोसळते तेथे ते क्षणभरही डोक्यावर राहता कामा नये. जेथे ते बेताने पडते, तेथे जाड मातीचा थर ते सहज सोसतो. दुसरे कारण लाकूड व सरपण यांचे. उतरत्या छपराला लांब आढे व पुष्कळ वासे लागतात, कौले भाजण्यास भट्टीभर जळण लागते. उजाड मुलखात ही दोन्ही महाग; माती मात्र फुकट. शिवाय गवताच्या छपराला आगीचे जे भय, ते धाब्याला नाही.

देशावरील धाब्याची, किंवा मराठवाड्यात ज्याला माळवद म्हणतात त्याची, रचना अशी असे. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर लाकडाच्या लहान पट्ट्या, त्यांवर पाला, आणि सर्वांवर मातीचा थर. वरची माती साधी नसे. ती जुन्या गावठाणाच्या पांढरीतून आणीत, कारण ती चोपून बसविली म्हणजे पाणी सहसा झिरपू देत नाही. एका अर्थी पूर्वजांच्या पडलेल्या घरांची मातीच वंशजांच्या माथ्यावर छत्र धरी. वैशाखात बाहेर आग पाखडत असता आतले माजघर थंड राही. वर मिरच्या, तुरी, ज्वारी वाळत. रात्री माणसे चांदण्यात निजत. कोकणी घराच्या पाख्यावर यांतले काही होणे नाही. पण तेथील पाख्यानेही आपले काम चोख बजावले. 'आढ्याचे पाणी वळचणीला' हा त्या घराचा धर्म, आणि वर्षाआड का होईना पण पावसाळ्यापूर्वी घर शाकारून घेणे हे त्या घरधन्याचे कर्तव्य.

घर वाढविण्याच्या रीतीही या दोन छपरांनी ठरवून दिल्या होत्या. कोकणात वळचण पुढे ओढून तिच्याखाली पडवी काढीत. पाखे तेच, उतार तोच, फक्त लांबी वाढली. मात्र पाखे जो जो पुढे जाई तो तो खाली येई, आणि डोके आपटू लागले की वाढ आपोआप थांबे. देशावर घर खणांनी मोजीत. एका खणाशेजारी दुसरा खण जोडावा, तुळईला तुळई भिडवावी आणि पन्हळीतून पाणी बाहेर काढावे. दोन्ही रीतींत एक गोष्ट समान होती: नवा भाग जुन्या छपराच्याच जातीचा असे. त्यामुळे जुन्यानव्याचा सांधा ही वेगळी अडचण होऊन बसत नसे.

ही स्थिती पालटली ती एकोणिसाव्या शतकात. बासेल मिशनच्या प्लेब्स्ट नामक गृहस्थाने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. कुंभाराच्या नळीच्या कौलांपेक्षा ही यंत्राने दाबलेली कौले मापात एकसारखी, एकमेकींत अडकणारी आणि वाऱ्यावानरांना सहसा न हलणारी होती. गलबतांतून ती पश्चिम किनाऱ्यावरील बंदरोबंदरी उतरू लागली, आणि लोहमार्गाने घाटावरही पोहोचली. 'मंगळुरी कौलांचे घर' हा प्रतिष्ठेचा शब्द झाला. दरवर्षीच्या शाकारणीचा खर्च व त्रास पुष्कळ कमी झाला, हा लाभ खराच.

त्यामागोमाग सिमेंट आले. १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यात ते तयार होऊ लागले, आणि १९३६ मध्ये अनेक कारखाने एकत्र येऊन असोसिएटेड सिमेंट कंपनीज ही संस्था निघाली. त्याच सुमारास मुंबईस समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर मरीन ड्राइव्हच्या सपाट माथ्याच्या इमारती उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये त्या परिसराचा जागतिक वारशात समावेश झाला. आता भरपूर पावसाच्या गावीही सपाट छप्पर शक्य झाले. परंतु शक्य होणे आणि सोयीचे होणे यांत अंतर आहे. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालावा लागतो, शंभर फुटांस एक फूट तरी उतार द्यावा लागतो, पाण्याच्या वाटा साफ ठेवाव्या लागतात. ही निगा सुटली की गळती सुरू होते. म्हणूनच मुंबईत व कोकणात कित्येक गच्च्यांवर मागाहून पत्र्याचे उतरते छप्पर चढविलेले दिसते. ज्या उताराला आपण निरोप दिला, त्यालाच पुन्हा बोलावून आणावे लागले.

यावरून जुने ते सारे सोने, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही चुकेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यमच. तरी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे ८,००० ते १०,००० माणसे गेली. ती बहुतेक आपापल्या घरांतच गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती ढासळल्या, आणि जेथे माळवदाचा भार त्या भिंतींवरच होता तेथे ते निजलेल्यांच्या अंगावर आले. याच्या मुळाशी एक साधी, निरुपद्रवी वाटणारी सवय होती. माळवद गळू लागले की जुनी माती न काढता तिच्यावरच नवी टाकीत. प्रत्येक पिढीने गळती बंद केली आणि प्रत्येक पिढीने ओझे वाढविले. कित्येक घरांवर हा थर दोन फुटांच्या घरात गेला होता. उलट, जेथे खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा भक्कम होता, तेथे भिंती पडूनही छप्पर पुष्कळदा उभे राहिलेले पाहणाऱ्यांना आढळले. दोष सपाटपणाचा नव्हता. वजनाचा आणि ते वजन कोणाच्या खांद्यावर दिले, याचा होता.

हा वजनाचा हिशेब घरमालकाने स्वतः एकदा मांडून पाहावा, असे आम्ही सुचवितो. वासे-रिपांसह मंगळुरी कौलांचे छप्पर चौरस मीटरला साधारण ६५ किलो भरते. चार इंची काँक्रीटचे छत सुमारे २५० किलो, आणि त्यावरचा कोबा निराळा. दोन फूट मातीचे माळवद १,००० किलोच्या आसपास जाते. जुन्या कौलारू घराच्या भिंती पहिल्या आकड्यासाठी बांधलेल्या असतात. त्याच भिंतीच्या एका कडेवर नव्या गच्चीचा भार टाकणे म्हणजे तिने कधी न पत्करलेले काम तिच्या माथी मारणे होय. 'पुढेमागे मजला' चढविण्याचा बेत असेल, तर नव्या खोलीला आपले खांब व आपला पाया स्वतंत्र हवा.

दुसरा प्रश्न सांध्याचा. जुन्या पाख्याचे पाणी वळचणीवरून जमिनीवर पडत होते. नवी गच्ची तिच्याखाली आली की ते सारे गच्चीवर पडू लागते. घरे गळतात ती बहुधा येथेच. या जागी रुंद पन्हळ आणि पाणी जाण्यास मोकळी वाट नसेल, तर वर कितीही सिमेंट ओतले तरी व्यर्थ. भरपूर पावसाच्या मुलखात आणि लहान खोलीसाठी जुनेच पाखे पुढे नेणे, म्हणजे पडवीची रीत पाळणे, हे आजही सर्वांत निर्धोक आहे. उलट, कमी पावसाच्या कोरड्या गावी गच्ची खुशाल घालावी. वाळवणाला व निजावयाला ती धाब्याइतकीच उपयोगी पडेल. फक्त मातीच्या जाड थराने जी थंडाई मिळे ती चार इंची छतापासून मिळणार नाही, हे जाणून उन्हाचा बंदोबस्त आधीच करावा.

आमच्या पूर्वजांना छपराची निवड नव्हती; पाऊस, माती आणि लाकूड ती त्यांच्यासाठी करीत. आपल्याला ती आहे, आणि म्हणून तिची जबाबदारीही आपलीच आहे. शेजाऱ्याने गच्ची घातली म्हणून आपण घालावी, किंवा आजोबांनी कौले घातली म्हणून आपणही घालावी, ही दोन्ही कारणे सारखीच लंगडी होत. आपल्या गावी पाणी किती पडते, ते कोणत्या वाटेने जाईल आणि छपराचे ओझे कोण उचलील, या तीन प्रश्नांची उत्तरे गवंड्याला बोलावण्यापूर्वी घरात बसून काढावीत. ती मिळाली म्हणजे सपाट की उतरते, हा वाद फारसा उरत नाही.