गुणखरेदी पात्ररचना
‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाने (१९७४) खेळाडूच्या पात्राला योद्धा, जादूगार, धर्मगुरू अशा ठरीव वर्गांत बसवले, तर स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गर्प्स’ या खेळाने (१९८६) वर्गच काढून टाकले आणि गुणांच्या ठरावीक रकमेतून पात्र घडवायला दिले. ‘गर्प्स’च्या चौथ्या आवृत्तीत (२००४) ताकद एका पायरीने वाढवायला १० गुण पडतात, चपळाई किंवा बुद्धी वाढवायला २०. भित्रेपणा वा अंधत्व पत्करले तर उलट गुण मिळतात. म्हणजे बंधन संपत नाही, ते किमतीत उतरते. तलवारबाज जादूगार निषिद्ध न राहता फक्त महाग पडतो. हिशेबी खेळाडू सोयीचे दोष गोळा करतात, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून दोषांतून मिळणाऱ्या गुणांवर मर्यादा घालतात आणि खेळसंचालक ते दोष प्रत्यक्ष खेळात भोगायला लावतो. नवख्याला पर्यायांची लांबलचक यादी धास्तावते, त्यासाठी तयार साचे आहेत. त्यांतही मनाजोगते बदल करता येतात.