प्रस्तावना : धूर, रोजगार आणि युनियन

माटुंग्याचे रेल्वे वर्कशॉप असो की लालबाग-परळच्या गिरण्या, कामावर बिडी ओढणे हा आधी शिस्तीचा प्रश्न होता. कापसाच्या खात्यात एक ठिणगी पुरे, म्हणून तिथे मनाई. पुढे मुंबईच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कामगारांसाठीच्या नमुना सेवानियमांत, मनाई असलेल्या ठिकाणी धूम्रपान करणे गैरवर्तन ठरले. चार्जशीट मिळालेल्या कामगाराची बाजू घेणे हे युनियनचे कामच. मालकाने लावलेल्या बंदीकडे कामगार चळवळ संशयाने पाहते, त्याचे मूळ इथे आहे.

तंबाखू उद्योगाने हा संशय कसा वापरला, हा या अभ्यासाचा गाभा. अमेरिकेत १९८४ साली ‘टोबॅको इन्स्टिट्यूट’ या उद्योगसंस्थेने काही युनियनांसोबत संयुक्त समिती उभारली. तंबाखू कामगारांचे तिच्यात असणे स्वाभाविक होते. पण पत्राकाम करणाऱ्यांची युनियनही होती, कारण बंदीऐवजी वायुवीजनाची यंत्रणा बसली तर काम त्यांनाच मिळणार होते. १९८६ मध्ये एएफएल-सीआयओ या शिखर संघटनेने कायद्याऐवजी मालक-कामगारांनी जागच्या जागी तोडगा काढावा, अशी भूमिका घेतली. १९९८ च्या न्यायालयीन तडजोडींनंतर कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे खुली झाली आणि या युतीचा तपशील अभ्यासता आला.

आपल्याकडे मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांत कामाची ठिकाणेही आली. मालक-कामगारांचे हितसंबंध मात्र इथे बिडीभोवती गुंतले. सोलापूर-सिन्नरच्या बिडी कामगार बायकांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी आला. त्याचा पैसा बिडीवरच्या उपकरातून येई. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. म्हणजे इतकी वर्षे या निधीतून चालणारा त्यांचा दवाखाना बिडीच्या खपावर चालला होता. बिडीवर निर्बंध येताच मालक या बायकांच्या पोटाकडे बोट दाखवतो आणि त्यांची भीती खरीच असते.

या युत्यांना नुसती फितुरी म्हटले, तर त्या कळणार नाहीत. पर्यायी रोजगाराची हमी न देता केलेला आरोग्याचा कायदा कामगाराला मालकाच्या बाजूला ढकलतो, असे माझे ठाम मत आहे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचे मनापासून स्वागत. कंपन्यांचे कागद जरूर वाचा. पण युनियनच्या कचेरीतले ठराव, नोटिसा आणि चार्जशीटही वाचा, आणि बिडी वळणाऱ्या बाईचे म्हणणे तिच्याच तोंडून ऐका.

माटुंगा, मुंबई